उधाण भर दुपारी येते : मुंबईत लाटा टिपण्याच्या कामाच्या नोंदी

रविवार, ९ जून २०२४

दादरच्या आमच्या वाचनालयाने ऑक्टोबरात एका भिंतीवर बारा छायाचित्रे लावायला संमती दिली आहे आणि मी विषय कळवला आहे, ‘लाटांचे प्रकार’. नोकरी सांभाळून, म्हणजे रविवारी आणि शिल्लक रजांमध्ये, हे काम कसे होते ते तारखांसह लिहून ठेवतो, कारण सुरुवात करताना मला स्वतःलाच अशा नोंदींची गरज होती आणि त्या मिळाल्या नाहीत. साहित्य जुनेच आहे: दहा वर्षांचा डीएसएलआर, १८-५५ आणि ७०-२०० मिलिमीटरच्या दोन लेन्स, एक पोलरायझर, ६४ पट आणि १००० पट प्रकाश अडवणारे दोन एनडी फिल्टर आणि एक ट्रायपॉड.

आज मान्सून मुंबईत पोहोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले आणि मी उत्साहाच्या भरात सरळ मरीन ड्राइव्ह गाठला. भरती सव्वादोनच्या सुमारास होती. दोन तासांत ४१२ छायाचित्रे काढली आणि घरी येऊन पाहिली तेव्हा ठेवण्याजोगी तीन निघाली. पहिली चूक मापनाची झाली. काळे टेट्रापॉड (काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे) चौकटीत जास्त आले की कॅमेरा प्रकाश वाढवतो आणि फेसातला सगळा तपशील जळतो. फेसच जास्त आला की तोच कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो. उपाय साधा होता, पण तो घरी आल्यावर सुचला: सगळे मॅन्युअलवर ठेवायचे, एका फुटलेल्या लाटेवर हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख, पाहून पांढरा रंग काठापासून थोडा आत राहील असे ठरवायचे आणि मग ढग बदलेपर्यंत त्या आकड्यांना हात लावायचा नाही.

दुसरी चूक महाग पडली. काचेवर खारे पाणी उडाले तेव्हा ते मी सदऱ्याच्या कोरड्या टोकाने पुसले आणि मिठाच्या कणांनी यूव्ही फिल्टरवर बारीक ओरखडे उमटले. नवा फिल्टर १,४५० रुपयांना पडला. आता पिशवीत गोड्या पाण्याची छोटी बाटली आणि दोन रुमाल ठेवतो, एक ओला आणि एक कोरडा. आधी फुंकणीने हवा मारायची, मग ओल्याने टिपायचे आणि शेवटी कोरड्याने.

तिसरी चूक मात्र विषयाच्या मुळाशीच आहे. टेट्रापॉड लाटेचा जोर मोडावा म्हणूनच तिथे टाकलेले आहेत, त्यामुळे त्यांवर आदळलेल्या पाण्याला कोणताच आकार उरत नाही. मरीन ड्राइव्हवर लाट पाहायला येणारा मुंबईकर खरे तर लाट संपल्यानंतरचे पाणी पाहत असतो. माझ्या ४१२ चौकटींत लाट जवळपास कुठेच नव्हती, तुषार तेवढे भरपूर होते.

रविवार, १६ जून

तुषार नकोत, लाट हवी आणि प्रकाश संध्याकाळचा हवा, असे ठरवून वांद्र्याच्या बँडस्टँडला गेलो. मोबाइलमधल्या तक्त्यात भरती साडेसातच्या आसपास दाखवली होती आणि सूर्यास्तही त्याच सुमारास होता, म्हणून योग उत्तम वाटला. प्रत्यक्षात पाणी वरच्या खडकांपर्यंत चढलेच नाही. सपाट काळ्या कातळाच्या खालच्या कडेशी ते नुसते चुळबुळत राहिले आणि मी पावणेआठला एकही छायाचित्र न काढता सामान आवरले.

परतताना चिंबई गावातून आलो. मासेमारीबंदीमुळे होड्या वर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेल्या होत्या आणि एक वयस्क कोळी काका जाळे दुरुस्त करत बसले होते. मी भरतीचा विषय काढला तेव्हा त्यांनी हातातली सुई न थांबवता विचारले, “आज तिथी कंची?” मला ती ठाऊक नव्हती. “दशमी. तिथीची पाऊणपट कर. दाहाची पाऊणपट साडेसात. पन भांगाचं पानी हाय ह्ये, चढायचं नाय. उधानाला ये दुपारच्याला.”

तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढण्याचा हा हिशेब कोकण किनाऱ्यावर पूर्वापार चालत आला आहे आणि तो मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर समजला, ही शरमेची गोष्ट आहे. घरी येऊन वर्षभराचे तक्ते समोर ठेवले तेव्हा या कामातली मुख्य अडचण स्पष्ट झाली. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, म्हणजे उधाण, दुपारी बाराच्या पुढे-मागे आणि मध्यरात्री येते. सकाळ-संध्याकाळच्या कलत्या उन्हाच्या वेळी येणारी भरती अष्टमीच्या आसपासची, म्हणजे भांगाची आणि म्हणून उंचीने कमी असते. मोठे पाणी आणि चांगले ऊन या शहरात एकत्र येतच नाहीत. उपाय एकच उरतो, तो पावसाळ्याचा. दाट ढग असले की दुपारी एकचा प्रकाशही मऊ पसरतो आणि फेसावर कठोर चमक पडत नाही. त्यामुळे मोठ्या लाटांचे सगळे काम जून ते ऑगस्टमधल्या उधाणाच्या दुपारी उरकायचे आणि कलत्या उन्हाची गरज असलेले विषय ओहोटीसाठी राखून ठेवायचे, असे नवे वेळापत्रक केले. घरातल्या कालनिर्णयावर लाल पेनाने वर्तुळे केली. त्यांपैकी दोन आमच्या घरच्या लग्नकार्यांवर पडली, तो वाद वेगळा.

रविवार, २३ जून

द्वितीया, मोठी भरती सव्वाएकच्या सुमारास. या वेळी अपोलो बंदराची उभी दगडी भिंत निवडली. मरीन ड्राइव्हवर जे मिळाले नाही तेच इथे मिळेल असा अंदाज होता, कारण उभी भिंत लाटेचा जोर शोषत नाही, तिला परत पाठवते. बंदराच्या आत येणारी लाट कुलाब्याच्या टोकाला वळसा घालून येत असल्यामुळे ती उघड्या समुद्राइतकी दांडगी नसते, पण परतणारी लाट येणारीला तिरकी छेदते तेव्हा पाण्यावर चौकटीच्या चादरीसारखी नक्षी उमटते. दोन माथे एकाच ठिकाणी गाठ पडले की तिथले पाणी कोणी खालून ढकलावे तसे सरळ वर उसळते आणि दुसऱ्या क्षणी तिथेच खड्डा पडतो. ही नुसती जागच्या जागी वर-खाली होणारी लाट मला बारांतली सर्वांत हवीहवीशी लाट होती.

ती मिळवायला मात्र दीड तास फुकट गेला. डोळ्यांच्या उंचीवरून पाहिले की पुढच्या लाटेआड मागची लपते आणि नक्षी दिसतच नाही. भिंतीच्या कठड्याजवळ पोलीस कोणाला उभे राहू देत नव्हते आणि ते योग्यच होते. शेवटी ट्रायपॉडचे तिन्ही पाय मिटून, कॅमेरा वर लावून, पूर्ण दांडा छत्रीसारखा डोक्यावर उंच धरला आणि दहा सेकंदांच्या टायमरवर छायाचित्रे काढली. आजूबाजूच्या पर्यटकांना वाटले की मी मोठा सेल्फी काढतो आहे, आणि दोन कुटुंबे येऊन माझ्या पुढ्यात उभी राहिली. चाळीस चौकटींपैकी नऊमध्ये क्षितिज सरळ आले आणि एकीत नक्षी स्वच्छ उमटली. शटर १/१००० सेकंद ठेवले तेव्हा उसळलेले टोक काचेसारखे गोठले, पण नक्षीचा प्रवाहीपणा गेला; १/१२५ ला टोक थोडे पुसट झाले आणि एकमेकांना छेदणाऱ्या रेषा ठळक झाल्या. मी १/१२५ ची चौकट ठेवली.

जाता जाता होडीमागे उठणारी लाटही टिपावी असा विचार होता, पण गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात हे धक्क्यावर पोहोचल्यावर आठवले. हा विषय सप्टेंबरवर ढकलला.

गुरुवार, ४ जुलै

अमावास्या तोंडावर आली असल्याने संध्याकाळची ओहोटी खोल असणार, तेव्हा मरीन ड्राइव्हवरचे उघडे पडलेले टेट्रापॉड पाहून ठेवावेत म्हणून कचेरीतून लवकर निघालो. विश्वचषक जिंकून आलेल्या क्रिकेट संघाची मिरवणूक त्याच रस्त्यावरून होती, हे मला ठाऊक असूनही गर्दीचा अंदाज आला नाही. चर्चगेट स्थानकाबाहेर पडायलाच चाळीस मिनिटे लागली आणि समुद्र दिसलाच नाही. माणसांच्या लाटेचे छायाचित्र काढ, असे एका मित्राने संदेश पाठवून सुचवले. मी काढले नाही. वाया गेलेला वेळ साडेतीन तास.

रविवार, ७ जुलै

आजची नोंद लंगडत लिहितो आहे. भरती दीडच्या आत-बाहेर होती. बँडस्टँडच्या कातळावर पाणी चढताना जाण्यात अर्थ नाही, कारण ते पाठीमागून कधी वेढते ते कळत नाही. म्हणून भरती ओसरायला लागल्यावर, साडेतीननंतर उतरायचे ठरवले होते. त्या वेळी प्रत्येक लाट कातळावर पसरते आणि परतताना खडकांच्या भेगांतून शेकडो पांढऱ्या धारांनी निथळते. ती परतणारी लाट टिपायची होती.

ढगाळ हवेत आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ (लेन्सच्या छिद्राचे माप) ला शटर १/६० येत होते. ६४ पटीचा फिल्टर लावल्यावर ते साधारण एक सेकंद होते आणि एफ/८ ला अर्धा सेकंद. अर्धा सेकंदच योग्य ठरला: धारांची दिशा दिसते, त्यांचे धागे सुटे राहतात आणि खडक लख्ख येतो. एका सेकंदाला धागे एकमेकांत मिसळू लागतात. १००० पटीचा फिल्टर लावून सतरा सेकंदांचे एक छायाचित्र काढून पाहिले, आणि ते पाहून हा फिल्टर परत पिशवीत ठेवला तो आजतागायत बाहेर काढलेला नाही. एवढ्या वेळात समुद्राचे दही होते. आंतरजालावर अशी छायाचित्रे उदंड आहेत आणि ती सुंदर असतात हे मान्य, पण त्यांत लाट नसते.

शटर केव्हा दाबायचे हेही तीसेक प्रयत्नांनंतर उमगले. लाट पुढे येत असताना दाबले की नुसता पांढरा ढीग येतो. ती पोहोचून क्षणभर थबकते आणि मागे फिरते, त्या फिरण्याच्या सुरुवातीला दाबायचे. आणखी एक: गडद फिल्टर लावण्याआधी फोकस करून घ्यावा आणि ऑटोफोकस बंद करावा, नाहीतर फिल्टरमागे कॅमेरा आंधळा होऊन पुढे-मागे चाचपडत राहतो.

त्यानंतर मी पाय मागे घेतला तो नेमका शेवाळावर. मी गुडघ्यावर आपटलो, ट्रायपॉड खडकावर पडला, त्याच्या एका पायाचा खटका तुटला आणि ६४ पटीचा फिल्टर तडकला. कॅमेरा गळ्यातल्या पट्ट्यामुळे वाचला, कारण तो पट्टा काढायचा मी आळस केला होता. वर उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाने त्याआधी दोनदा शिट्टी मारली होती आणि मी ‘दोन मिनिटे’ असे हाताने खुणावले होते. त्याला दोष देता येत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन, नवा फिल्टर २,९०० रुपये, ट्रायपॉडची दुरुस्ती ६५० रुपये. पुढच्यांसाठी एवढेच लिहितो की ओल्या कातळावर कापडी बूट किंवा रबरी चप्पल दोन्ही निरुपयोगी असतात आणि एकट्याने तिथे उतरूच नये. त्या दिवशी मी एकटा होतो.

सोमवार, ८ जुलै

मध्यरात्री १ ते सकाळी ७ या सहा तासांत शहरात अनेक ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि लोकल ठप्प झाल्या. घरीच राहिलो. कालची पिशवी तशीच मिटून ठेवली होती, ती उघडली तेव्हा कोंदट वास आला आणि ७०-२०० च्या आतल्या भिंगावर धुके दिसले. सफाईला दिली, २,८०० रुपये आणि बारा दिवस. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या मिळून ४८० रुपये लागले. हा खर्च पहिल्याच दिवशी केला असता तर सफाईचा वाचला असता.

रविवार, १४ जुलै

अष्टमी, म्हणजे समुद्राकडून काही अपेक्षा नाही, शिवाय मोठी लेन्सही हाताशी नाही. म्हणून वाळकेश्वरच्या बाणगंगेला गेलो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेला हा गोड्या पाण्याचा तलाव या कामासाठी फार सोयीचा निघाला, कारण चारी बाजूंना पायऱ्या आहेत आणि त्यामुळे हवी ती उंची मिळते. अपोलो बंदरावर ज्या उंचीसाठी मी दांडा धरून कसरत केली ती इथे पाच पायऱ्या चढून मिळाली.

पाऊस रिमझिम होता. पाण्यावर थेंब पडला की वर्तुळे पसरतात हे आपण लहानपणापासून पाहतो, पण छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर एक गोष्ट नव्याने दिसली: बाहेरची वर्तुळे एकमेकांना चिकटून, अगदी बारीक असतात आणि आत येऊ तशी त्यांच्यातली अंतरे वाढत जातात. एवढ्या लहान लाटांना पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण चालवतो आणि त्यांच्यातली जितकी आखूड तितकी ती वेगाने पळते, म्हणून बारीक वर्तुळे सर्वांत पुढे निघून जातात. समुद्राच्या मोठ्या लाटांचे नेमके उलटे असते. तिथे लांब लाट पुढे धावते. दोन थेंबांची वर्तुळे एकमेकांतून आरपार गेली तरी दोन्ही अभंग राहतात, हेही एका चौकटीत स्वच्छ मिळाले.

जोराचा पाऊस मात्र कामाचा नाही. थेंब दाट पडू लागले की वर्तुळांची गिचमीड होते. उत्तम वेळ म्हणजे सर थांबता थांबता, पायऱ्यांच्या कडेवरून आणि झाडांवरून सुटे थेंब पडतात ती पाच-दहा मिनिटे. शटर १/५००, आयएसओ १६००. पोलरायझर लावला तर आकाशाचे प्रतिबिंब नाहीसे होते आणि त्याबरोबर लाटाही नाहीशा होतात, कारण लहान लाट आपल्याला प्रतिबिंबाच्या वळणावरूनच दिसते. हे समजेपर्यंत पन्नास छायाचित्रे फुकट गेली. पोलरायझर काढला आणि मंदिराच्या कळसाचे प्रतिबिंब ज्या कोपऱ्यात पडत होते तिथे लक्ष धरले. थेंब पडला की कळस वाकतो, तुटतो आणि पुन्हा जुळतो. तलावातल्या बदकांनीही एक चौकट दिली: पोहणाऱ्या बदकामागे इंग्रजी व्ही अक्षरासारखी लाट उघडत जाते, ती वरच्या पायरीवरून पूर्ण दिसते. सप्टेंबरात बोटीमागे जे शोधायचे त्याची ही तालीम झाली.

बुधवार, २४ जुलै

रजा टाकली. सकाळी तृतीया, म्हणजे पाऊणपटीने सव्वादोन. तक्त्यातली वेळ त्याच्या पाच मिनिटांच्या आत होती. लेन्स परत आली आहे. मालाडहून बसने अक्सा.

जुहू किंवा दादरसारख्या सपाट किनाऱ्यावर लाट माथ्यावरून फेस सांडत, दमत दमत येते. पुढे कमान करून एकदम कोसळणारी लाट तिथे क्वचितच दिसते, कारण तिला तळाचा अचानक चढ लागतो. अक्साला ओहोटीत तोच सपाटपणा असतो, पण उधाणाच्या भरतीच्या शेवटच्या तासात पाणी वाळूच्या वरच्या, उभ्या चढापर्यंत पोहोचते आणि मग लाटेच्या पायात अडसर आल्यासारखी ती तोल जाऊन पडते. हाच तास पकडायचा होता. जीवरक्षक पाण्याच्या जवळपासही जाऊ देत नाहीत, आणि या किनाऱ्याचा लौकिक पाहता तेच बरे, म्हणून बाजूने, उंचावरच्या वाळूवरून, २०० मिलिमीटरवर काम केले. समोरून काढली तर कमान भिंतीसारखी सपाट दिसते. बाजूनेच तिची पोकळी दिसते.

पहिला तास वाया गेला. ऑटोफोकस फेसावर टिकत नव्हता, म्हणून लाट जिथे पहिल्यांदा वळते त्या रेषेवर हाताने फोकस बांधला. त्यापेक्षा मोठी अडचण कॅमेऱ्याच्या वयाची होती. सलग चौदा रॉ छायाचित्रे काढली की त्याची स्मृती भरते आणि तो दहा-बारा सेकंद गप्प बसतो, आणि सर्वांत मोठी लाट हमखास त्याच दहा सेकंदांत यायची. शेवटी कॅमेरा बाजूला ठेवून नुसते मोजत बसलो. दोन लाटांमध्ये साधारण नऊ सेकंद जात होते, आणि पाच-सहा साध्या लाटांनंतर दोन-तीन मोठ्या लाटा लागोपाठ येत होत्या. मोठ्या लाटांचा हा जथा ठरल्या वेळी येतो असे नाही, पण दूरवर तीन गडद रेषा एकामागे एक दिसल्या की तो निघालेला आहे हे ओळखता येते. मग पहिली सोडून द्यायची, दुसरीवर चार चौकटी, तिसरीवर चार. शटर १/१६००.

उरलेल्या चाळीस मिनिटांत चार चांगल्या चौकटी मिळाल्या. त्यांतल्या सर्वोत्तम चौकटीत, हिरवट-मातकट कमानीच्या आत, एक निळी रबरी चप्पल तरंगते आहे. पावसाळ्यातले उधाण शहराचा कचरा शहराला परत आणून देते, त्यातलीच ही एक. संगणकावर ती पुसायला अर्धा मिनिट पुरला असता. मी ती ठेवली आहे.

रविवार, ४ ऑगस्ट

अमावास्या. भरती साडेअकराच्या सुमारास होऊन गेल्यामुळे संध्याकाळी सहाला खोल ओहोटी, आणि सूर्यास्त सव्वासातच्या आत. उधाणाच्या दिवसांत ओहोटी कलत्या उन्हात येते, या हिशेबाचा फायदा घेण्याची ही पहिली संधी होती. विषय वाळूवरच्या लहरींचा: पाणी निघून गेल्यावर जुहूच्या ओल्या वाळूवर जे वळ उरतात ते लाटेचे ठसेच असतात. सावल्या लांब पडल्या तरच ते दिसतात.

सूर्य आलाच नाही. पश्चिमेला ढगांची भिंत होती आणि वाळू अंगठ्याने सारवल्यासारखी सपाट दिसत होती. सोबत आलेल्या भाच्याने मोबाइलचा दिवा वाळूलगत आडवा धरून पाहिला आणि क्षणात प्रत्येक वळाला सावली फुटली. मोबाइलचा प्रकाश अपुरा होता, पण भाच्याने समोरच्या भुट्टेवाल्याकडून मोठा टॉर्च मागून आणला. पूर्ण काळोख होण्यापूर्वीच्या वीस मिनिटांत, आठ सेकंदांचे एक्स्पोजर देऊन, तो टॉर्च एका बाजूने वाळूलगत फिरवत सहा चौकटी काढल्या. पावलांचे ठसे नसलेला चार फूट तुकडा शोधायला जुहूला अर्धा तास लागतो, हे गृहीत धरावे. भुट्टेवाल्याने टॉर्चचे पैसे घेतले नाहीत. भुट्टे घेतले, चार.

रविवार, २५ ऑगस्ट

मलबार हिलवरून गिरगाव चौपाटीकडे वळणाऱ्या लाटांच्या कमानी टिपायच्या होत्या. उघड्या समुद्रातून सरळ येणारी लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा किनाऱ्याकडचा भाग मंदावतो आणि ती वळत वळत किनाऱ्याला समांतर होते. बागेतून पाहिले तर नेमक्या कोनात झाडे येतात. चौपाटीजवळच्या एका इमारतीत चुलत वहिनींची मैत्रीण राहते. तिच्या गच्चीसाठी सोसायटीच्या सचिवांना अर्ज, आधारची प्रत आणि ‘व्यावसायिक वापर नाही’ असे लेखी दिले. अठराव्या मजल्यावरून कमानी सुरेख दिसल्या, पण २०० मिलिमीटरवर दमट हवेमुळे सगळे दुधाळ आले. कृष्णधवल करून आणि काँट्रास्ट वाढवून एक चौकट वाचवली. हे काम पाऊस पडून गेल्यावर लगेचच्या धुतलेल्या हवेत करायला हवे होते.

रविवार, २२ सप्टेंबर

भाऊच्या धक्क्याहून रो-रो, म्हणजे वाहनेही नेणाऱ्या, बोटीने मांडवा आणि परत. तिकिटे आणि वडा-चहा धरून सुमारे हजार रुपये. बोटीच्या डेकवर ट्रायपॉड लावण्याचा मूर्खपणा दहा मिनिटे केला. इंजिनाची थरथर ट्रायपॉडच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात जाते. हातात धरलेला कॅमेरा जास्त स्थिर राहतो, कारण आपले गुडघे ती थरथर गिळतात.

आपल्याच बोटीमागची लाट टिपता येत नाही, कारण मागे पंख्यांनी घुसळलेल्या पाण्याचा पांढरा रस्ता तेवढा दिसतो. लाटेची व्ही दिसते ती बाजूने जाणाऱ्या दुसऱ्या बोटीमागे, आणि तीही वरच्या डेकवरून. लॉर्ड केल्विनने १८८७ मध्ये दाखवून दिले की खोल पाण्यात या व्हीची प्रत्येक बाजू बोटीच्या मार्गाशी सुमारे साडेएकोणीस अंशांचा कोन करते, मग बोट सावकाश जावो की वेगाने. घरी चौकटीवर कोनमापक ठेवला तर भलतेच आकडे आले, कारण तिरक्या नजरेने कोन दबतो. बाणगंगेच्या बदकाची चौकट जवळजवळ सरळ वरून काढलेली असल्याने तीच भिंतीसाठी निवडली, आणि बोटीची चौकट तिच्या शेजारी. परतीच्या वाटेवर, सव्वापाचला काढलेल्या चौकटीत मागे नांगरलेल्या चार मच्छीमार होड्याही आल्या आहेत.

रविवार, ६ ऑक्टोबर

हिशेब: दोन फिल्टर ४,३५०, ट्रायपॉड ६५०, लेन्सची सफाई २,८००, डबा ४८०, प्रवास २,१००, बारा प्रती २,१६०, चौकटी ५,४००. एकूण १७,९४० रुपये, त्यांपैकी ७,८०० निव्वळ माझ्या चुकांचे. छायाचित्रे ३,१०० च्या आसपास, भिंतीवर बारा. बारावी जागा मी रिकामी ठेवणार होतो, पण ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “मरीन ड्राइव्ह नाही? मग लोक विचारतील, हे कुठल्या गावचं?” तेव्हा ९ जूनच्या तीन चौकटींतली एक लावली.

चिंबईच्या काकांना आवर्जून बोलावले होते. ते आले, सगळ्या चौकटींसमोर हात मागे बांधून फिरले आणि रो-रोवरून काढलेल्या चौकटीपाशी थांबले. तिच्याखाली मी ‘भरतीच्या पाण्यावर बोटीची लाट’ असे लिहिले होते. त्यांनी मागच्या होड्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बोट ठेवले. “नाळ बघ कुठं हायत सगल्यांच्या. ठाण्याच्या खाडीकडं. नांगरावरली होडी येत्या पान्याला तोंड देते. म्हंजे पानी खाडीतनं भाइर चाललंय. ही ओहोटी हाय.”

घरी येऊन पाहिले. पंचमी, म्हणजे पावणेचार, छायाचित्र सव्वापाचचे. उद्या सकाळी कचेरीला जाण्यापूर्वी वाचनालयात जाऊन चिठ्ठी बदलायची आहे.